पोरांच्या हातचं दारात लागू दे

मुलाने केलेला आकाशकंदील पुढच्या दारातच लागला पाहिजे. कपाटावर नको, मागच्या खिडकीत नको, आणि फोटो काढून झाल्यावर पिशवीत तर नकोच नको. बालवाडीत मुलांसोबत काम करता करता माझं हे मत पक्कं झालंय, आणि दिवाळीच्या सुट्टीत भाचरं-पुतणे मुंबईहून घरी आले की मी ते घरातल्या प्रत्येकाला ऐकवते. तीन ते सात वर्षांच्या पोराला वेळ घालवायला काहीतरी द्यायचं म्हणून कागद-कात्री देऊ नये. त्याला सणात काम हवं असतं. कोणी तोरण बांधतंय, कोणी चकल्या तळतंय, कोणी खळं, म्हणजे पुढचं अंगण, सारवतंय, आणि आपल्याला मात्र सगळे ‘तू तिकडे बस हं’ म्हणतात, हे त्याला बरोबर कळतं. म्हणून मी मुलांना जे करायला देते ते सणात कुठेतरी लागणारं असतं.

आमचं घर मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ. पाऊस ओसरून नवरात्र बसलं की लागेल ते सामान दाराशी येऊन पडतं. माडाची चुडतं म्हणजे झावळ्या, पोफळीच्या विऱ्या म्हणजे पानाच्या बुडाच्या रुंद साली, नारळाच्या करट्या, मळ्यातल्या लोंब्या, दगडी गडग्यावर चढलेले कारिटाचे, म्हणजे छोट्या कडू फळांचे, वेल. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, चिकणमातीचा एखादा गोळा उरलेला असतो, मागितला की कोणी नाही म्हणत नाही. खाऊन झालेल्या तिसऱ्यांचे शिंपले तर प्रत्येक परसात सापडतात. तेवढे मात्र उकळून, घासून, दोन-तीन कडक उन्हं दाखवून घ्यायचे, नाहीतर घरभर वास सुटतो.

बाजारात मिळणारी तयार किटं मी घेत नाही. त्यात सगळं आधीच कापलेलं, आखलेलं असतं. पोराने फक्त बाणाच्या खुणेवर डकवायचं. सामान शोधणं हाच तर निम्मा खेळ. सुरूच्या बनात मुलांना सोडा आणि ‘खडबडीत फळं आणा’ एवढंच सांगा. पिशवी भरून आणतात, आणि वर सांगतात की उघडलेली फळं मातीवर लाटली की मगरीच्या पाठीसारखी नक्षी उठते. ते मला मुलांनीच शिकवलं.

सुरुवात नव्यापासून करावी. आमच्याकडे नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागरीलाच, दाराला नवं बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, झेंडू असं घालून त्याची जुडी करायची आणि त्या जुड्या दोरीला ओवून दारावर, तुळशीला, शेतीच्या अवजारांना बांधायच्या. आता गाडीलाही बांधतात. यात तीन वर्षांच्या मुलापासून सगळ्यांना काम आहे. सर्वांत लहान असेल त्याने एकसारखी पानं निवडायची: मोठी एका बाजूला, छोटी दुसरीकडे, फाटकी बाहेर. त्याच्याहून मोठ्याने पानावर लोंबी ठेवायची, वर फूल, आणि पान गुंडाळून घट्ट धरून ठेवायचं. दोरा आपण बांधायचा. लहान बोटांना पान धरून ठेवता येतं, गाठ मारता येत नाही. दोन्ही एकदम करायला लावलं की मूल चिडतं आणि उठून जातं. माझ्या सासूबाई पडवीत बसून हे सगळं बघत असतात. मी जुडी सरळ करायला हात पुढे केला की लगेच म्हणतात, “पोरांका करूक दी. वाकडातिकडा झाला तरी चलात.”

झेंडूच्या माळेत एक अडचण प्रत्येक मुलाला येते. सुई फुलाच्या तोंडातून घालायची असंच त्याला वाटतं, आणि ती खालच्या हिरव्या देठाशी जाऊन अडते. फूल आडवं धरून हिरव्या भागाच्या थोडं वर, बाजूने टोचलं की अलगद आरपार जातं. हे एकदा हातात हात धरून दाखवलं की काम झालं. सुई बोथट आणि जाड घ्यावी. अगदी लहान मुलासाठी मी हिराच्या, म्हणजे चुडताच्या पात्यातल्या काडीच्या, तुकड्याला मागे दोरा बांधून देते. हीर ताठ असतो, टोचत नाही, आणि हातात नीट मावतो.

नवरात्रात घटाभोवती रुजवण घालतो, त्यातलेच मूठभर दाणे मुलांसाठी बाजूला काढावेत. रिकाम्या करटीला चिकणमातीचं नाक आणि कान लावायचे, कोळशाने डोळे काढायचे, आत ओली माती भरून वर नाचणी नाहीतर मोहरी पसरायची. दिवसाला दोन वेळा हाताने पाणी शिंपडायचं. चार-पाच दिवसांत डोक्यावर हिरवे केस येतात. मग कात्रीने केस कापायचे. बालवाडीत मी हे दरवर्षी करते आणि सकाळी वर्गात आल्यावर मुलं माझ्याआधी करट्यांकडे धावतात. बिया उगवायला वेळ लागतो, रोज बघावं लागतं, पाणी जास्त झालं तर कुजतात, हे त्यांना कळतं आणि मला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

आता कंदील. बांबूच्या काड्यांचा, पतंगाच्या कागदाचा मोठा षटकोनी कंदील घरातल्या मोठ्यांनी करावा. लहानांनी मात्र हा करावा: एक जाडसर कागद घ्यायचा, लांबीत मधोमध दुमडायचा, आणि दुमडलेल्या कडेपासून उलट्या कडेच्या दिशेने समांतर कापत जायचं. उलटी कड कापायची नाही, दोन बोटं जागा सोडायची. तिथे मी लाल खडूने रेघ मारून देते आणि सांगते, की कात्री लाल रेघेपाशी थांबते, रेल्वे फाटकापाशी थांबते तशी. चार वर्षांचं मूल ते बरोबर पाळतं. फाटक म्हटल्यावर हसतं आणि थांबतं. मग कागद उघडायचा, आडवा गोल गुंडाळायचा, कडा चिकटवायच्या. मधला भाग आपोआप फुगून जाळी होते. आत साध्या पतंगाच्या कागदाची नळी सरकवली की उजेड पडल्यावर जाळी उठून दिसते.

चिकटवायला मऊ शिजलेला भात. कागदावर बोटाने भात चोळायचा, दाबून धरायचं. बाटलीतल्या डिंकापेक्षा हे चांगलं, कारण मुलं बोटं चाटतातच. मोठ्या कंदिलासाठी खळ करतात त्यात कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालायचे, ते विषारी. लहान मुलं ज्या खळीत हात घालणार तिच्यात ते चुकूनही नको.

रंगवायचं मात्र कागद गुंडाळण्याआधी. भेंडी आडवी कापून तिचे ठसे उठवायचे, पाच पाकळ्यांची फुलं उठतात. रंगांसाठी हळद आणि काव, म्हणजे गेरू, पुरे. हळद पाण्यात कालवून कागदावर सगळीकडे फासायची आणि वाळू द्यायची. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी करून त्यात भेंडी बुडवून ठसा मारायचा. पिवळ्या कागदावर क्षणात लालसर फूल उमटतं. सोड्यासारखा क्षार लागला की हळद लाल होते, आणि त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. पाच वर्षांच्या मुलांना हे दाखवल्यावर त्यांनी लिंबू मागितलं नाही असं होत नाही. सगळे ठसे पुसून पुन्हा मारत बसतात, आणि मी बसू देते. त्या दिवशी कंदील झाला नाही तर दुसऱ्या दिवशी होईल.

झिरमिळ्या करायचं काम सर्वांत धाकट्याचं. रंगीत कागद हाताने लांब लांब फाडायचा. कात्रीने कापलेल्या सरळ झिरमिळ्यांपेक्षा या फाटक्या मला जास्त आवडतात. समुद्रावरचा वारा संध्याकाळी सुटला की त्या हलक्या असल्यामुळे जास्त फडफडतात. आत एलईडीचा छोटा बल्ब सोडायचा. या कंदिलात पणती ठेवायची नाही, यात चर्चा नको.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येते. कारीट.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी अंगठ्याखाली कारीट फोडतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पण पाडव्याला आमच्याकडे कारिटाची गुरंही करतात. अंगणात शेणाचा छोटा गोठा घालायचा आणि त्यात ही गुरं बांधायची. पूजा होते, पोह्यांचा नैवेद्य दाखवतात. माझ्या लहानपणी हे काम पूर्णपणे मुलांचं होतं, मोठी माणसं फक्त शेण आणून द्यायची. आता बऱ्याच घरांत गोठाच उरला नाही, दुभती जनावरं नाहीत, त्यामुळे ही गुरंही कमी होत चाललीत. मला ते फार लागतं, म्हणून बालवाडीत आणि घरी दोन्हीकडे मी दरवर्षी कारिटाची गुरं करून घेते. लहान मुलांच्या हातांना इतकं जमणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

कारीट अंड्याएवढं, कधी त्याहून छोटं, हिरव्यावर पांढुरके पट्टे. पूर्ण पिवळं पडलेलं घेऊ नये, ते मऊ पडतं आणि पाय आत घुसतात. टणक हिरवं घ्यावं. चार पाय म्हणजे हिराचे चार सारखे तुकडे, मुलाच्या करंगळीएवढे. शिंगांना दोन छोटे तुकडे. शेपटीला नारळाच्या सोडणातला काथ्याचा झुबका. एवढंच सामान. पाय टोचताना मुलं ते सरळ खाली टोचतात आणि गाय लगेच कोलमडते. गेल्या पाडव्याला माझी धाकटी पुतणी गायीला उभं करायचा प्रयत्न करत होती. दर वेळी गाय पुढच्या पायांवर नाक टेकायची. तिने गाय उचलली, खालून पाहिली, मग खळ्यात बसलेल्या शेजारच्या खऱ्या गाईकडे पाहिलं. नंतर तिने चारही पाय काढले आणि थोडे बाहेरच्या बाजूला तिरके करून पुन्हा टोचले. गाय उभी राहिली. मी एक शब्द बोलले नव्हते. त्यानंतर तिने एका मागोमाग म्हशी, वासरं, बैल केले आणि प्रत्येकाचे पाय पहिल्यापासूनच तिरके.

गोठ्याला आता आम्ही चिकणमाती वापरतो, शेण मिळालं तर शेण. चार बोटं उंचीच्या भिंती, पुढे दोन काड्यांचं फाटक, आत पेंढ्याचे बारीक तुकडे. एका मुलाने गुराखी केला, छोट्या कारिटावर मातीचं डोकं. एकीने गाईच्या गळ्यात झेंडूची पाकळी अडकवली. एकाने विचारलं, गाईंना रात्री अंधार वाटेल का, आणि मग गोठ्यापुढे पणती लागली. पूजेच्या वेळी माझ्या नवऱ्याने याच गोठ्याला हळदकुंकू वाहिलं, बाजूला वेगळा ‘मोठ्यांचा’ गोठा घातला नाही. त्या वेळी मुलांचे चेहरे पाहायचे. सणात आपलं काम खरोखर लागलं हे त्यांना समजत होतं.

कारीट कडू असतं, हात धुवायला विसरू नये. तोंडात गेलं तर मुलं फार वेळ थुंकत बसतात.

नरक चतुर्दशीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांची मोठी मंडळी करतात ती चढाओढ मी लहान मुलांसाठी ठेवत नाही. त्यांना पोफळीच्या विरीचा मुखवटा पुरतो. विरीची आतली बाजू पांढरट आणि गुळगुळीत असते, कोळसा आणि काव तिच्यावर छान उठते. डोळ्यांची भोकं आपण पाडून द्यावीत. दात, मिशा, शिंगं हा सगळा मुलांचा कारभार. जाळायला आपला मुखवटा द्यायला कुठलंही मूल तयार होत नाही, जबरदस्ती करू नये.

पणती करायला मातीचा लिंबाएवढा गोळा अंगठ्याने दाबून खळगा करायचा. कच्च्या मातीत तेल झिरपतं, म्हणून खळग्यात एक खोलगट शिंपला बसवायचा आणि तेल-वात शिंपल्यात घालायची. माती वाळताना आटते, तेव्हा शिंपला आधी दाबून आकार घ्यावा, काढून ठेवावा आणि सुकल्यावर परत बसवावा. सुकवायचं सावलीत. उन्हात ठेवलेल्या पणत्यांना भेगा पडतात. कडेवर सुरूचं फळ फिरवलं की नक्षी तयार. पेटवायचं काम मोठ्यांचं, आणि त्या वेळी मुलांच्या अंगावर सुती, अंगाबरोबरचे कपडे असावेत.

राहिला किल्ला. शहरातली मुलं दिवाळीत डोंगरी किल्ले करतात. सह्याद्रीतले करायलाच हवेत, पण समुद्रकाठच्या मुलांनी जलदुर्ग करावा असं मला मनापासून वाटतं. सिंधुदुर्ग आमच्या डोळ्यांसमोर आहे. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात तो बांधून घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चारही कोकण किनाऱ्याचे आहेत. मुलांना यादी पाठ करायला लावू नये. होडीतून एकदा घेऊन जावं. होडी धक्क्याला लागेपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, कारण तटाच्या वळणात तो लपवलेला आहे. माझा भाचा घरी आल्या आल्या अंगणात तेच करायला बसला. त्याने तटाची एक बाजू दुसरीच्या पुढे वळवली आणि मध्ये फट ठेवली. मग रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, “सांगा, दरवाजा कुठेय?”

किल्ल्याला जांभ्याची लाल माती, चिऱ्याचे लहान तुकडे आणि भोवती समुद्र म्हणून वाळू. वाळूवर निळी रांगोळी पसरली तर पसरली, नाहीतर वाळूच पुरते. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या समुद्राच्या मध्ये गोडं पाणी, ही गोष्ट लहान मुलाला फार भावते. आम्ही तीन छोट्या करट्या पुरून त्यांत पाणी भरतो. माती पाणी पिते, करटी पीत नाही, म्हणून विहीर कधी आटत नाही. गडावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा दाखवतात. तो पाहून आलेल्या मुलांनी ओल्या मातीच्या चकतीवर आपापला हात दाबला, आणि आता प्रत्येकाचा ठसा किल्ल्याच्या कडेला असतो. सर्वांत धाकट्याचा तळवा एवढासा आहे की त्यात झेंडूचं एक फूल मावतं.

हिरवळीसाठी मोहरी किंवा अळीव दिवाळीच्या आठवडाभर आधी पेरावं. मुंबईहून येणारी मुलं तेव्हा पोचलेली नसतात, म्हणून इथली शेजारची मुलं पेरतात आणि मुंबईकर येऊन पाणी घालतात. मावळे विकत आणले तरी चालतात, मातीचे केले तर जास्त चांगले. मी या बाबतीत हट्ट करत नाही, कारण पाच वर्षांच्या मुलाचा जीव मावळे मांडण्यात असतो, आणि ते प्लास्टिकचे असले तरी बुरुजावर कोण उभा राहणार याचा निर्णय तोच घेतो.

एक गोष्ट मात्र मोठ्यांना सांगायची आहे. मूल झोपल्यावर त्याचा किल्ला ‘जरा नीट’ करू नका. सकाळी उठल्यावर तट सरळ झालेला त्याला लगेच दिसतो. तो काही बोलत नाही, पण त्या दिवशी किल्ल्यापाशी जात नाही. पाहुणे येणार असले, अंगणात वाकडं दिसत असलं, तरी तसंच राहू द्या. पाहुण्यांना सांगा, हे आमच्या मुलांनी केलंय. वाकडा तट पाहून कोकणात कोणी नाव ठेवत नाही.

या दिवाळीत विजयदुर्ग करायचा असं भाच्याने गणपतीतच ठरवून टाकलंय. विजयदुर्गाला तिहेरी तटबंदी आहे, म्हणजे तिप्पट चिरे लागणार. शेजाऱ्यांकडे पडवीचं बांधकाम चाललंय, तिथले तुटके तुकडे मी मागून ठेवलेत, गडग्याला लागून ढीग आहे. कारिटं वेलावर धरायला लागली आहेत. घटाचे दाणे निवडून डब्यात घातले आहेत, आणि हीर काढायला दोन चुडतं परसात वाळत टाकली आहेत.